ओंजळीतले पाणी आणि चित्र काढणारे यंत्र

माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, एकही फोटो आमच्या घरात नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हीच स्थिती आहे. फोटो काढायचा तर स्टुडिओत जावे लागे, पैसे मोजावे लागत, आणि मुख्य म्हणजे आपला चेहरा जपून ठेवण्याजोगा आहे असे कोणाला तरी वाटावे लागे. बाबासाहेबांची तसबीर आमच्या भिंतीवर आली. आजीची कधी आलीच नाही.

शब्दांत वर्णन दिले की चित्र काढून देणारी यंत्रे आता निघाली आहेत. २०२२ साली डॅल-ई २, मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन ही नावे लोकांपुढे आली. बार्सिलोनातील ‘डोमेस्टिक डेटा स्ट्रीमर्स’ या गटाने त्यांचा एक वेगळाच उपयोग केला. ज्यांचे फोटो हरवले किंवा कधी निघालेच नाहीत अशा निर्वासितांशी, स्थलांतरितांशी, वृद्धांशी बोलून त्यांच्या आठवणींची चित्रे त्यांनी यंत्राकडून करून घेतली. एका वृद्धेने लहानपणी शेजाऱ्यांच्या बाल्कनीतून तुरुंगातला आपला बाप पाहिला होता. फ्रँकोच्या राजवटीला विरोध केला म्हणून तो आत होता. त्या बाल्कनीचे चित्र तिला मिळाले. हा गट मुद्दाम जुनी, धूसर चित्रे काढणारी यंत्रे वापरतो, कारण आठवणही धूसरच असते. हे वाचले आणि मला आजी आठवली.

माय आता ऐंशीला टेकली आहे. तिला डोळे दाखवायला धंतोलीत नेले होते. आज धंतोली म्हणजे दवाखानेच दवाखाने. मायच्या लहानपणी तिथे वकील-डॉक्टरांचे बंगले होते आणि त्यांतल्या एकाच्या मागच्या आवारात आजी लाकडे फोडायला जाई. दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या माय म्हणाली, “इथंच कुठंतरी मायले वरून पानी टाकत.”

घरी आल्यावर माझ्या मुलाने यंत्राला सांगितले : नागपूर, १९५५, बंगल्याचे मागचे अंगण, लाकडे फोडून थकलेली बाई, घरमालकीण तिला पाणी देते आहे. अर्ध्या मिनिटात चित्र आले. दोघी हसताहेत, दोघींच्या कपाळी ठसठशीत कुंकू, मागे तुळशीवृंदावन, आणि पितळी लोट्याला दोघींची बोटे लागलेली! मायने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “हे कोन व्हय? एवढ्या जवळून कोनं देल्लं तिले पानी?”

यंत्र असे का करते ते समजून घेतले पाहिजे. त्याला कोट्यवधी चित्रे व त्यांखालच्या ओळी दाखवून शिकवलेले असते. ‘लायन-५बी’ नावाच्या एका संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या, आणि स्टेबल डिफ्यूजनचे शिक्षण त्याच्याच एका भागावर झाले. चित्र काढताना यंत्र ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करते आणि आपल्या शब्दांच्या रोखाने तो पायरीपायरीने निवळत नेते. प्रत्येक पायरीला जे अधिक संभवनीय, तेच उमटते. जगाच्या चित्रांत पाणी देणे म्हणजे माया, आतिथ्य. लोटा आणि ओंजळ यांच्यातले वीतभर अंतर कोणी टिपून ठेवलेले नाही, आणि आमच्या आठवणीत तर ते अंतर हीच मुख्य गोष्ट आहे. यंत्र खोटे बोलत नाही. ज्यांच्यापाशी कॅमेरे होते त्यांनी पाहिलेले जग ते परत सांगते, इतकेच.

मुलाने मग ‘अस्पृश्य बाई’ असे शब्द घातले. आता आली ती चिंध्या पांघरलेली, खंगलेली, डोळ्यांत पाणी आणून आपल्याकडे पाहणारी कोणी. माय चिडलीच. “माय अशी नव्हती. लुगडं फाटकं असन, पन धुतलेलं राहे.” वॉशिंग्टन विद्यापीठातील सौरोजित घोष यांनी २०२४ साली स्टेबल डिफ्यूजनची चित्रे तपासून हेच मांडले : जात न सांगता भारतीय माणूस मागितला तर यंत्र उच्चवर्णीय धाटणीचा माणूस देते आणि दलित म्हटले की दारिद्र्य. मधला माणूस त्याला ठाऊकच नाही. आपल्या साहित्याला हा अनुभव नवा नाही. दुसऱ्यांनी काढलेली आपली चित्रे एक तर गायब असत, नाही तर दयनीय.

तरीही ती दुपार वाया गेली नाही. किंबहुना चुकीच्या चित्रांनीच मायला बोलते केले. लोटा उंच धर, हसू काढ, असे सांगता सांगता तिला आठवले की पाणी घालणारी त्या घरची नवी सून होती आणि घालण्याआधी ती घराकडे वळून पाही. आणि पुढच्या वर्षीचे आठवले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी पांढरे लुगडे नेसून व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर गेली, जिथे आज दीक्षाभूमी आहे. त्यानंतर ती कामाला जाताना घरून पाण्याची लोटी नेऊ लागली. ओंजळ पुन्हा केली नाही. इतक्या वर्षांत हे मायने कधी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

पण आठच दिवसांनी माय शेजारणीला सांगताना मी ऐकले : “तिथं तुळशीचं वृंदावन होतं.” ते तर यंत्राने घातलेले! २००२ साली किंबर्ली वेड व सहकाऱ्यांनी २० जणांना, ते लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसल्याचे बनावट फोटो दाखवले होते. त्यांतल्या निम्म्यांना तो न घडलेला प्रवास थोडाफार तरी ‘आठवला’. २०२४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस यांचा सहभाग असलेल्या २०० जणांवरील प्रयोगात, यंत्राने फेरफार केलेली चित्रे, आणि त्याहून अधिक त्यांच्या चलचित्रफिती, खोट्या आठवणी रुजवतात असे दिसले. आपल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण हाच ज्यांचा दस्तऐवज, त्यांना ही चैन परवडणारी नाही. म्हणून ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी आधी सांगणे टेपावर किंवा वहीत उतरवावे, चित्र मागाहून. आणि प्रत्येक चित्रावरच ते यंत्राने काढल्याचे लिहावे. माझे पहिले सांगणे उतरवायचे राहून गेले.

चित्रे मी मुलाला पुसायला लावली. मायने सुचवलेल्या दुरुस्त्या मात्र वहीत उतरवल्या आहेत, आणि ती वही अजून चालू आहे. परवा विचारले, लोटी पितळेची होती का? माय म्हणाली, “पितळ कुठून आनतं बापा? जर्मनची होती. बुडाले पोचा होता.”