सामायिक संगणक व त्याच्या मर्यादा

महासंगणकाच्या बाबतींत आपल्या पुणें शहराचें नांव मोठें आहे. येथील सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुढें २०१९ सालीं पाषाण भागांतील आयसर संस्थेंत ‘परम ब्रह्म’ बसविण्यांत आला. अशा यंत्रावर एकटाच मनुष्य काम करीत नसतो. नाना शास्त्रांचे अभ्यासक एकाच वेळीं आपापलीं गणितें त्यावर सोडवीत असतात. यंत्र एक व वांटेकरी अनेक, अशी स्थिति असतां प्रत्येकाच्या वांट्यास किती यावें, हा प्रश्न सहजच उद्भवतो.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीची पद्धति सुरू केली. पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणशीं अर्ध्या एकरापुरतें द्यावें, एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक देऊं नये, व त्यावर ऊंस लावूं नये, असे तिचे नियम होते. एकाच्या उंसापायीं अनेकांची ज्वारी सुकूं नये, हें त्यांतील मर्म.

अनेकांची सेवा करणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्कवरील जागा, एकाच वेळीं उघडतां येणाऱ्या फाइली व चालवितां येणारे प्रोग्रॅम, हें त्याचें पाणी होय. समजा, एखाद्यानें असा प्रोग्रॅम लिहिला, कीं तो स्वतःची एक प्रत निर्माण करितो, व प्रत्येक प्रत पुनः तसेंच करिते. एकाचे दोन, दोहोंचे चार, या क्रमानें दहा दुपटींत १,०२४ व वीस दुपटींत १०,४८,५७६ प्रती होतील! लिहिणाऱ्याच्या मनांत कपट नसलें तरी सर्वांचें काम खोळंबेल. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेल्या प्रोग्रॅमच्या प्रती एकेका यंत्रावर अशाच सांचत गेल्या, व हजारों संगणक जागच्या जागीं मंदावले.

यास्तव लिनक्स या प्रणालींत दोन प्रकारच्या मर्यादा ठेविल्या आहेत. पहिली सौम्य; ती वापरणाऱ्यास स्वतः वाढवितां येते, परंतु दुसऱ्या, म्हणजे कठोर मर्यादेपर्यंतच. कठोर मर्यादा वाढविण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाचा. शिवाय एका प्रोग्रॅमनें दुसरा सुरू केला, तर जनकाच्या मर्यादा अपत्यास वारशानें मिळतात.

मर्यादा ठरविणें सोपें आहे. ती सर्वत्र सारखी राखणें मात्र कठीण. मर्यादांची यादी बहुधा एका फाइलींत लिहितात, व मनुष्य परवलीचा शब्द देऊन आंत शिरतांना ती लागू होते. परंतु यंत्र सुरू होतांच आपोआप चालणाऱ्या सेवा त्या दारानें येतच नाहींत. त्यांच्या मर्यादा स्वतंत्रपणें लिहाव्या लागतात. तें राहून गेल्यास एकच प्रोग्रॅम हातानें चालविला असतां नीट चालतो, व सेवा म्हणून चालविला असतां अडतो. तसेंच, यादींत केलेला बदल आधींच आंत असलेल्यांस लागू होत नाहीं. त्यांनीं बाहेर जाऊन पुनः आंत यावें लागतें.

आणखी एक खोंच आहे. मेमरीची जुनी मर्यादा दर प्रोग्रॅमला असते, दर माणसाला नव्हे. प्रोग्रॅममागें एक घागर ठरविली, व एकानें दहा प्रोग्रॅम चालविले, तर त्यानें नियम न मोडतां दहा घागरी नेल्या! २००८ सालीं लिनक्समध्यें आलेल्या ‘सी-ग्रूप’ योजनेनें ही उणीव भरून निघाली. तिच्यायोगें एका माणसाच्या सर्व प्रोग्रॅमांची बेरीज धरून एकच मर्यादा घालतां येते.

तात्पर्य, नियम सर्वांस आधीं कळलेला असावा, तो प्रत्येक दारीं एकच असावा, व माप माणशीं असावें. आपला वांटा किती हें ज्यास ठाऊक आहे, व शेजाऱ्यासहि तेंच माप आहे अशी ज्याची खात्री आहे, तो निर्धास्तपणें आपलें गणित यंत्रावर सोपवून रात्रीं स्वस्थ झोंप घेऊं शकतो.