जुनी पेटी, नवी पेटी

मराठी घरात 'पेटी' म्हटले की दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात : एक कपड्यांची, दुसरी गाण्याची. आता तिसरी आली आहे. एखाद्या कादंबरीएवढी तिची लांबी-रुंदी. इंग्रजीतले तिचे नाव 'ग्रूव्हबॉक्स'. सूर काढायचे, ताल धरायचा आणि एकदा शिकवलेले न कंटाळता पुन्हा पुन्हा वाजवायचे, हा तिचा उद्योग. २०१६ साली कॉर्ग या जपानी कंपनीने काढलेली 'व्होल्का एफएम' ही याच घराण्यातली. सहा पेन्सिल सेल घातले की ती चालते.

हे 'एफएम' म्हणजे रेडिओ नव्हे बरे का! १९६७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार गणकयंत्रावर सुराला कंप देण्याचे प्रयोग करीत होते. गवई सूर हलवतो तेव्हा ते आंदोलन आपल्याला ऐकू येते. पण हेच हलणे सेकंदाला शेकडो वेळा होऊ लागले तर? मग कानाला आंदोलन कळेनासे होते आणि त्या सुराचा पोतच बदलतो. कधी घंटा वाजल्याचा भास होतो, कधी पितळी वाद्याचा. एका सुराने दुसऱ्याला हलवायचे, एवढेच काय ते रहस्य! यामाहा कंपनीने विद्यापीठाकडून ही युक्ती घेतली आणि १९८३ साली 'डीएक्स सेव्हन' हे वाद्य बाजारात आणले. त्याचा लाखावर खप झाला. पण त्याचे अंतरंग इतके गुंतागुंतीचे, की बहुतेकांनी कारखान्यातूनच भरून आलेले आवाज गोड मानून घेतले.

नव्या पेटीविषयी वादकांची तक्रार आणि कौतुक दोन्ही याच सुरात आहेत. आवाज झळाळता, किंमत आटोक्यात, ओझे नाही. पण बटणे चिमुकली, आकडे फार, आणि 'व्होल्का'त एका वेळी तीनच स्वर वाजतात. आपल्याकडचा वादक यात आणखी एक प्रश्न घालतो : "यात मींड कुठे आहे?"

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. युरोपातून हार्मोनियम आली तेव्हा हेच विचारले गेले होते. बारा ठरीव पट्ट्या. दोन स्वरांच्या मधली वाट बंद! आकाशवाणीने तर १९४० साली तिला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. पण दाराबाहेर काय घडत होते? गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली तीच पेटी गाऊ लागली होती, मराठी रंगभूमीवर ऑर्गनच्या साथीने पदे रंगत होती, आणि गावोगावच्या भजनी मंडळांत तिच्यावाचून पान हलत नव्हते. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवून जुन्या आक्षेपाला हातानेच उत्तर दिले. आक्षेप खोटा नव्हता. वादकांनी तो मनावर घेतला, म्हणून वाद्य सुधारले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन यंत्रे जुळवून दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. ही यंत्रे एफएम जातीची नव्हती. पण त्यांतले एक, गिटारवाल्याला खर्जाची साथ देण्यासाठी केलेले, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरू शकत असे. सिंगांच्या रागांना ते मानवले. त्या वेळी कोणी फारसे विचारले नाही. २०१० साली ती ध्वनिमुद्रिका परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडचे रसिक थक्क झाले : पुढे शिकागोत गाजलेल्या नृत्यसंगीताचा सूर इथे आधीच लागला होता! २०१५ साली सिंग वारले.

पण कौतुकापाठोपाठ पोटाचा प्रश्न येतोच. वाशीमसारख्या जिल्ह्याकडे पाहा. रिसोड, मालेगाव, कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, कुठेही जा. लग्नसराई ही वाजंत्र्यांची सुगी. वरातीत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड कधीच शिरले आहेत. आता सूर आणि ताल दोन्ही एका पेटीत मावू लागले, तर ढोलवाल्याने कुठे जायचे? त्याची भीती 'जुन्या वळणाचा माणूस' म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नाही. यजमान चार माणसांचे पैसे वाचवतो, तेव्हा चार चुली थंडावतात.

मात्र यंत्राला एक गोष्ट साधत नाही. वरात देवळाशी थबकली, नवरदेवाचा मामा रंगात आला, तर लय कधी वाढवायची हे पेटीला आपले आपण उमगत नाही. ते कुणीतरी माणूसच ओळखतो. याच जिल्ह्यातल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. बंजाऱ्यांचा नगारा तिथे मानाने मिरवतो, हे चांगलेच झाले. पण नगाऱ्याचा खरा मान संग्रहालयात नाही, वाजवणाऱ्याच्या हाताला काम असण्यात आहे.

तेव्हा मुलाने नवी पेटी मागितली तर जरूर घेऊन द्यावी. मात्र आधी चार दिवस त्याला ढोलकीवाल्याशेजारी बसवावे. आणि घरच्या कार्यात पेटी वाजणार असेल, तर तिच्या जोडीला एक तरी ढोलकीवाला बोलवावा. पेटीलाही सोबत होईल आणि त्याचीही दिवाळी गोड होईल.