सीतेची वेणी

सीतेची वेणी : (असमिया कपौफुल, लॅ. ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा, कुल–ऑर्किडेसी). फुलांच्या लोंबत्या मंजरीमुळे हे मराठी नाव पडलेली, अनेक वर्षे जगणारी ⇨ अपिवनस्पती (दुसऱ्या वनस्पतीच्या केवळ आधाराने वाढणारी वनस्पती). सह्याद्री, हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत, श्रीलंका आणि म्यानमारपासून फिलिपीन्सपर्यंतच्या प्रदेशांत ती आढळते. आसामात बिहूच्या वेळी स्त्रिया ही फुले केसांत माळतात.

खोड आखूड व जाड. पाने दोन रांगांत, पट्ट्यासारखी, चिवट व टोकाशी खाचदार असतात. पानांच्या बगलेतून निघणाऱ्या मंजरीवर पांढरी, गुलाबी ठिपक्यांची, सुवासिक फुले दाटीने येतात. ओष्ठ (विशेष आकाराची पाकळी) गडद गुलाबी असतो. महाराष्ट्रात बहर सामान्यतः मे–जुलैमध्ये येतो. बांडगुळाप्रमाणे ही आश्रयवृक्षाचा अन्नरस शोषीत नाही. मुळांवरील स्पंजासारखी मृत कोशिकांची त्वचा पाऊस व दव शोषून घेते; खनिज द्रव्ये सालीवरील कुजलेल्या पाल्यापासून व पावसाच्या पाण्यातून मिळतात. म्हणून बांडगूळ समजून ती काढून टाकणे चुकीचे आहे.

लागवड : मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असल्याने साध्या मातीत ती कुजतात. लाकडी पट्ट्यांच्या टांगत्या टोपलीत लोणारी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचे सोडण घालून रोप बसवितात किंवा खडबडीत सालीच्या झाडावर काथ्याने बांधतात. नवीन मुळे फुटू लागतात तो पावसाळ्याचा आरंभ यास योग्य असतो. विरळ सावली व खेळती हवा आवश्यक असते. दाट सावलीत पाने गर्द हिरवी होतात, पण फुले कमी येतात. उन्हाळ्यात सकाळी पाणी फवारतात व गरजेप्रमाणे दुसऱ्यांदा देतात. हिवाळ्यात ते कमी करतात. शेंड्यात पाणी साचल्यास शेंडा कुजतो. खोडाची वाढ एकाच शेंड्याने होत असल्याने हे नुकसान गंभीर ठरते. वाढीच्या काळात अतिशय सौम्य खत पाण्यातून देतात. मुळे दुखावल्यास वाढ खुंटते. म्हणून टोपली वारंवार बदलीत नाहीत.

बी धुळीसारखे सूक्ष्म असून त्यात पुष्क (गर्भाचे पोषण करणारा अन्नसाठा) नसतो. निसर्गात विशिष्ट कवकाच्या साहाय्यानेच ते रुजते. कवकाशिवाय शर्करायुक्त माध्यमात ऑर्किडांचे बी रुजविण्याची पद्धत ल्यूइस नड्सन यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामुळे प्रयोगशाळेत पुष्कळ रोपे तयार करता येतात. जंगलातून ओरबाडलेल्या झाडांची मुळे सालीला चिकटून तुटतात व अशी झाडे बहुधा दगावतात. बीजापासून फुलापर्यंत काही वर्षे लागत असल्याने ही हानी लवकर भरून निघत नाही. म्हणून लागवडीसाठी रोपवाटिकेतील रोपेच वापरणे इष्ट असते.