गोळी कुटायची नाही, मध्येच सोडायची नाही

"गोळी केवढी मोठी! घशाखाली उतरत नव्हती, म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून दिली." नातवाची फाइल घेऊन आलेल्या आजींनी हे मायेनं सांगितलं. नातवाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा. आव-रक्त पडायला लागल्यावर घरच्यांनी आधी मूळव्याध समजून कितीतरी महिने घालवले होते. त्यानंतर मेसालामाइन सुरू झालं, आणि तेही असं कुटून.

हे औषध आतड्याच्या अस्तराला आतून लावायच्या मलमासारखं काम करतं. नुसतीच पूड गिळली तर ती बरीचशी लहान आतड्यातच शोषली जाते आणि जखमेपर्यंत फार थोडी पोचते. म्हणून गोळीवर आतड्याच्या वरच्या भागात न विरघळणारं आवरण चढवलेलं असतं. गोळी कुटली, चावली किंवा मोडली की ते आवरण गेलंच. गिळणं जमत नसेल तर दाण्यांच्या पुड्या मिळतात, मात्र ते दाणेही चावायचे नाहीत.

औषध मोठ्या आतड्यापर्यंत पोचवायची युक्ती जुनी आहे. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्त्स यांनी 1940च्या सुमारास सल्फासालाझिन हे औषध वापरात आणलं. त्यात दोन रेणू जोडलेले असतात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ती जोड तोडतात. त्यातला खरा गुणकारी भाग कोणता, हे 1977मध्ये ऑक्सफर्डच्या आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी दोन्ही भाग वेगवेगळे एनिमातून देऊन दाखवलं. तो भाग म्हणजेच मेसालामाइन.

'सूज उतरवणारी' म्हणून काहीजण मेसालामाइनच्या गोळीला दुखण्यावरची गोळी समजतात, काहीजण स्टेरॉइड. ती दोन्ही नाही. उलट आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी काहींचा आजार उसळतो. डोकं दुखलं तरी अशी वेदनाशामकं मनानं घेऊ नका.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे 'रक्त थांबलं, आता गोळी कशाला?' लक्षणं गेली तरी अस्तरातली सूज पूर्ण गेलेली असतेच असं नाही. शिकागोतल्या 2003च्या एका अभ्यासात औषध नियमित न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटींहून जास्त दिसला. बरं वाटत असताना घेतलेल्या गोळ्याच पुढचे महिने सांभाळतात, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

'रोज घेतली तर किडनी जाईल' ही भीती मात्र साफ खोटी नाही. मूत्रपिंडाला इजा क्वचित होते, म्हणून सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळानं रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. भीतीपोटी औषध सोडण्यापेक्षा ही रक्ततपासणी करून घ्यावी. गरोदरपणातही आपण होऊन गोळी बंद करू नये, कारण उसळलेला आजार बाळाला जास्त घातक ठरतो.

क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजारात या गोळीचा उपयोग फारसा नाही, त्यामुळे शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. सूज फक्त गुदाशयात असेल तर गुदद्वारातून ठेवायची वडी तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा जास्त गुण देते. लाजेपायी ती फ्रिजवर तशीच पडून राहते.

आणि औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जुलाब, पोटदुखी वाढून ताप आला, तर 'आजारच वाढला' असं धरून डोस वाढवू नका. काहींना हे औषधच सोसत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.