कोर्लईच्या धारेवर अर्धे पाणी

एप्रिलअखेरीस उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शाळेत जमा केले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही घरचे सहा जण कोर्लईला निघालो. मस्कतहून रजेवर आलेला भाचा सोबत होता. सुट्टीच्या दिवशी तो तिकडे मित्रांबरोबर डोंगर चालतो. ओमानमधला जबल शम्स, म्हणजे सूर्याचा डोंगर, ३००९ मीटर उंच. तिथल्या उघड्याबोडक्या धारांवरून तो तासन्‌तास चाललेला. त्याच्यापुढे आमचा शंभरेक मीटर उंचीचा किल्ला म्हणजे पोरांचा खेळ, असे आम्ही समजलो. म्हणून सावकाश नाश्ता केला आणि दहा वाजता चढायला लागलो. सोबत सहा जणांत चार बाटल्या.

कोर्लई ही समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी आणि समोर रेवदंडा-चौल. किल्ल्याची लांबी सुमारे ८६० मीटर, पण सरासरी रुंदी जेमतेम २७ मीटर. म्हणजे किल्ला पाहणे म्हणजे डोंगराच्या धारेवरून चालणेच. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पायथ्याच्या गावातील काही घरांत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते.

चौलकडे बोट दाखवून आम्ही मुलांना सांगितले की, दहाव्या शतकात अल-मसूदी हा प्रवासी या बंदरात आला होता. ओमान, बसरा, बगदादहून आलेले मुसलमान इथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. भाचा हसला. ‘‘म्हणजे येणे-जाणे जुनेच आहे, मामू.’’

दीपगृहाजवळच्या पायऱ्या चढून आम्ही तटाच्या आत आलो आणि उत्तरेच्या टोकाकडे निघालो. गवत वाळलेले, दगड तापलेले, सावली कुठेच नाही. थोड्या वेळाने आमची बारा वर्षांची मुलगी मागे पडू लागली.

‘‘अब्बू, डोकं दुखतंय. मळमळतंय.’’

‘‘चल, थोडंच राहिलंय,’’ आम्ही म्हणालो. वर्गातही आम्ही असेच म्हणतो.

भाच्याने सगळ्यांच्या बाटल्या हलवून पाहिल्या. ‘‘मामू, अर्ध्याच्या वर पाणी संपलंय. आता परतायचं.’’

टोक समोर दिसत होते. मुलगा हिरमुसला. खरे सांगायचे तर आम्हीही हिरमुसलो. पण भाचा ऐकेना. आम्ही मागे फिरलो आणि दरवाजाच्या कमानीखाली मुलीला बसवले. ओढणी भिजवून तिच्या मानेवर ठेवली, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने तिचा चेहरा उजळला. अल्हम्दुलिल्लाह!

तिथेच बसून भाच्याने समजावले. वाळवंटात घाम लगेच सुकतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. आपल्या किनाऱ्यावर हवा दमट, घाम सुकतच नाही, म्हणून अंग थंड होत नाही. दोन्हीकडे धोका तोच. आणि धारेवर आडोसा नसतो. जितके पुढे जावे तितकेच उन्हातून परत यावे लागते. म्हणून अर्धे पाणी हीच हद्द.

‘‘तुझे किती डोंगर असे अर्धवट राहिले?’’ आम्ही विचारले.

‘‘मोजले नाहीत, मामू.’’

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना जिद्द शिकवतो. ‘हार मानू नका’ हे फळ्यावर लिहितो. पण वेळेवर मागे फिरण्याचा धडा कोणत्याच इयत्तेत नाही. मुले आपल्याकडे अमानत आहेत. आपल्या हौसेपायी त्यांना ओढत नेण्याचा हक्क आपल्याला नाही.

या सुट्टीत कुणी गड-डोंगरावर जाणार असेल तर फजर पढून निघा आणि ऊन तापण्याआधी खाली या. माणशी किमान दोन लिटर पाणी, टोपी आणि मीठ-साखर जवळ ठेवा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आली की थांबा आणि सावली गाठा. कुणी असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली तर अंग पाण्याने गार करत ताबडतोब दवाखाना गाठा.

डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा कोर्लईला गेलो. टोकाला सर्वांत आधी मुलगीच पोहोचली. तिची बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती.