संततिनियमनाचे इंजेक्शन : गुण, दोष आणि दक्षता

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि देणगीदारांची नावे ह्यांना मानाचे स्थान असते व ते योग्यच आहे. परंतु ही पुस्तिका घरोघर जाते, कपाटात जपून ठेवली जाते आणि लेकीसुनाही ती चाळतात. त्यांच्या नित्य उपयोगाचे चार शब्द तीत असावेत, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहे. विषय संकोचाचा खरा. पण संकोचापायी जे बोलले जात नाही, ते शेवटी घरातल्या बाईलाच सोसावे लागते.

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नव्हे. तरी शाळेत येणाऱ्या मुलांच्या आया कधीकधी हळूच विचारतात, "बाई, ती तीन महिन्यांची सुई घ्यावी का?" कोणी ऐकलेले असते, त्या सुईने पोटात रक्त साचते. कोणी ऐकलेले असते, पुढे मूलच होत नाही. आणि कोणाला सांगितलेले असते की, तिचा काही म्हणजे काहीच त्रास नाही. ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. खरे काय, ते शांतपणे पाहू.

इंजेक्शनचे स्वरूप

ह्या औषधाचे नाव मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. 'डेपो-प्रोव्हेरा' ह्या नावाने ते जगभर ओळखले गेले. आपल्या देशात १९९३ साली त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली आणि २०१७ पासून सरकारी दवाखान्यांतून 'अंतरा' ह्या नावाने ते मोफत मिळू लागले. १५० मिलिग्रॅम औषध दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेत टोचतात.

बाईच्या शरीरात दर महिन्याला बीजकोशातून एक बीज बाहेर पडते. ही घडामोड काही अंतःस्रावांच्या, म्हणजे हार्मोनांच्या, हुकमतीखाली चालते. त्यांपैकी एका हार्मोनासारखेच हे कृत्रिम औषध आहे. ते अंगात असेपर्यंत बीज बाहेर पडत नाही, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट होतो आणि गर्भाशयाचे आतील अस्तर पातळ राहते. त्यामुळे दिवस जात नाहीत. प्रत्येक तारीख अचूक पाळली, तर वर्षभरात हजारातून फार तर दोघीतिघींना दिवस जातात. तारखा चुकू लागल्या म्हणजे तेच प्रमाण शंभरात चारपर्यंत जाते.

रोज गोळीची आठवण ठेवावी लागत नाही आणि घरात कोणाच्या नजरेस काही पडत नाही, हे त्याचे मोठे गुण. परंतु ह्या गुणातच त्याचा मुख्य दोष दडलेला आहे. गोळीने त्रास झाला तर ती आजच बंद करता येते. तांबी नको झाली तर काढून घेता येते. अंगात गेलेले इंजेक्शन मात्र परत काढता येत नाही. त्रास झालाच तर औषधाचा अंमल उतरेपर्यंत, निदान तीन महिने, तो सोसावा लागतो. म्हणूनच सर्व माहिती आधी मिळणे, हे ह्या साधनाच्या बाबतीत इतर कोणत्याही साधनापेक्षा अधिक आवश्यक आहे.

पाळीतील फेरफार

इंजेक्शन घेतलेल्या बहुतेक सर्व स्त्रियांची पाळी बदलते. आरंभीच्या महिन्यांत अवेळी डाग लागणे, पाळी दहा-पंधरा दिवस लांबणे, क्वचित अंगावरून फार जाणे, असे प्रकार होतात. पुढे पाळी विरळ होते आणि वर्षाच्या अखेरीस निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांची पाळी पूर्ण थांबते.

पाळी थांबली की घरात काळजी सुरू होते. दिवस राहिले की काय, रक्त आत साचले की काय, अशा शंका येतात. वस्तुतः रक्त कोठेही साचत नाही. अस्तरच पातळ राहते. मग बाहेर टाकण्यासारखे काही उरत नाही. ह्या थांबण्याने अपाय होत नाही. उलट अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा लाभच होतो. मात्र आरंभी ज्यांच्या अंगावरून फार जाते, त्यांनी दुर्लक्ष करू नये. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. अशा बाईला लांबलेला रक्तस्राव परवडणारा नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात सहसा येत नाही. ज्या घरांत नमाज-रोजाचा किंवा देवपूजा-उपासतापासाचा नेम आहे, त्या घरांत दिवसेंदिवस लागणारे डाग हा केवळ कपड्यांचा प्रश्न राहत नाही. बाईचे सारे नित्यकर्म त्याने विस्कळीत होते आणि कारण मोकळेपणाने सांगताही येत नाही. असे होऊ शकते हे आधी ठाऊक असले, तर तिला आपला निर्णय विचारपूर्वक घेता येतो.

पुन्हा मूल हवे झाल्यास

इंजेक्शनने वांझपणा येत नाही. पण बंद करताच लगेच दिवस जातात, असेही नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस जाण्यास सरासरी दहा महिने लागतात. कोणास चार महिन्यांतच जातात, तर कोणास दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. ज्या जोडप्यास वर्षभरातच पुढचे मूल हवे आहे, त्याने हे साधन निवडू नये. विशेषतः नव्या सुनेला हे सांगितलेले नसले, तर पुढे उशीर झाला की बोल तिलाच लागतो.

हाडे, वजन आणि मन

औषधाच्या अंमलात शरीरातील इस्ट्रोजेन हे दुसरे हार्मोन कमी होते आणि हाडांतील खनिज घटते. पाच वर्षांच्या वापरात कण्याच्या व खुब्याच्या हाडांची घनता सरासरी ५ ते ६ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. इंजेक्शन थांबवल्यावर ही झीज बऱ्याच अंशी भरून येते. तथापि अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००४ साली औषधाच्या पत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापावयास लावला की, दुसरे साधन चालत असेल तर सलग दोन वर्षांपेक्षा अधिक काळ हे घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १८ ते ४५ ह्या वयात हाडांच्या कारणासाठी बंधन नाही. पण त्याहून लहान आणि त्याहून मोठ्या वयात अधिक विचार करावा. ज्वारीच्या भाकरीबरोबर दूध, ताक, तीळ, नाचणी ह्यांना ताटात जागा द्यावी, ही साधी गोष्ट येथे उपयोगी पडते.

पहिल्या वर्षात वजन सरासरी एक ते अडीच किलो वाढते. काहींचे त्याहून बरेच वाढते, काहींचे मुळीच नाही. डोकेदुखी, स्तन हुळहुळणे, चिडचिड, उदासपणा हेही काहींना जाणवते. पूर्वी मनाचा आजार होऊन गेला असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

कर्करोगाचा प्रश्न

कर्करोगाची भीती सर्वांत मोठी असते, म्हणून त्याविषयी नेमके बोलावे. इंजेक्शन घेत असताना आणि त्यानंतर काही काळ स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो; वापर थांबवल्यावर तो हळूहळू उतरतो. २०२३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा हार्मोनी साधनांमुळे ही वाढ २० ते ३० टक्के दिसली. तरुण वयात हा रोग मुळातच विरळ असल्याने प्रत्यक्ष संख्या लहान राहते. वय वाढते तशी ती मोठी होते. उलट गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगापासून हेच औषध संरक्षण देते.

२०२४ साली फ्रान्समधील एका मोठ्या अभ्यासातून असे दिसून आले की, वर्षाहून अधिक काळ हे इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांत मेंदूच्या आवरणावरील गाठीसाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव सुमारे साडेपाच पटींनी अधिक होता. ह्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात आणि मुळात फार विरळ असतात. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण सतत व वाढते डोके दुखणे, दृष्टीत बदल होणे, ह्या तक्रारी 'गर्मी झाली असेल' म्हणून टाळू नयेत.

पटनचेरूचा धडा

हे सर्व आधी सांगितलेच पाहिजे, हा आग्रह आपल्या देशात कसा धरला गेला, हे जाणण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्याकडून हुमनाबाद-झहीराबादवरून हैदराबादला जाताना पटनचेरू लागते. १९८५ साली तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात 'नेट-एन' नावाच्या, दोन महिन्यांनी द्यावयाच्या, दुसऱ्या एका इंजेक्शनचा प्रयोग चालू होता. खेड्यांतील स्त्रियांना हे पाळणा लांबवण्याचे इंजेक्शन आहे एवढेच सांगितले गेले होते. हा प्रयोग आहे आणि त्याचे दुष्परिणाम असू शकतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. हैदराबादच्या 'स्त्री शक्ती संघटना' ह्या महिला मंडळाने ते त्यांना समजावून सांगितले, तेव्हा अनेकजणी इंजेक्शन न घेताच निघून गेल्या. पुढे १९८६ साली ह्या संघटनेने दिल्लीची 'सहेली' आदी संघटनांसह सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २००० साली ते प्रकरण निकालात निघाले, त्या वेळी सरकारनेच मान्य केले की, समुपदेशन व देखरेखीची सोय असल्याखेरीज हे इंजेक्शन सरसकट देणे इष्ट नाही.

त्यापूर्वीही असाच अनुभव आला होता. १९६५ साली 'लूप' मोठ्या गाजावाजाने देशभर बसवण्यात आले. अंगावरून जाते, पोटात दुखते, हे आधी सांगितले नाही आणि नंतर ऐकून घेतले नाही. थोड्याच वर्षांत लोकांचा त्यावरील विश्वास उडाला. साधन वाईट नव्हते. बाईला गृहीत धरले गेले, हे वाईट झाले. आता परिस्थिती सुधारली आहे. तरीही वर उल्लेखिलेल्या पाहणीत साधन वापरणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ६२ स्त्रियांनाच दुष्परिणामांची माहिती मिळाल्याचे दिसले. उरलेल्या ३८ जणींत आपल्या घरची कोणी नसावी.

कोणी घेऊ नये, काय विचारावे

रक्तदाब फार वाढलेला, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेला, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, फार जुना किंवा डोळे-मूत्रपिंडांपर्यंत पोहोचलेला मधुमेह, अथवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हे इंजेक्शन घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीने पहिले सहा आठवडे थांबावे. त्यानंतर घेतल्यास दूध आटत नाही. पहिले इंजेक्शन पाळीच्या पहिल्या सात दिवसांत घेणे सोयीचे. त्या आधी रक्तदाब व वजन पाहून घ्यावे.

टोचलेली जागा चोळू नये व शेकू नये; तसे केल्यास औषध लवकर पसरून त्याचा अंमल आधीच उतरतो. पुढील तारीख कार्डावर लिहून घ्यावी. ती फार तर चार आठवड्यांपर्यंत पुढे गेली तरी चालते, त्याहून अधिक नाही. अंगावरून नेहमीच्या दुप्पट जाणे किंवा आठ दिवसांहून अधिक जाणे, छातीत दुखणे, एकच पाय सुजणे, कावीळ होणे, टोचल्या जागी पू होणे, ह्यांपैकी काही झाले तर आशाताईंना कळवून त्वरित दवाखाना गाठावा. हे इंजेक्शन लैंगिक रोगांपासून संरक्षण देत नाही, हेही लक्षात असू द्यावे; त्यासाठी निरोधच हवा.

इंजेक्शन मानवले नाही म्हणून संततिनियमनच सोडण्याचे कारण नाही. तांबी आहे, हार्मोन नसलेली, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली 'छाया' ही गोळी आहे, आणि मुले पुरी झाली असल्यास पुरुषांची नसबंदी तर सर्वांत सोपी. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे, पुरुषांची संख्या मात्र नगण्य. हा भार एकट्या बाईनेच का वाहावा, ह्याचा विचार ट्रस्टच्या पुरुष सभासदांनीही करावा.

आपल्या सीमाभागात दवाखान्यातील कागद बहुधा कन्नडमध्ये असतो आणि घरात बोली मराठी किंवा दखनी असते. म्हणून बाईला एकटीला पाठवू नये. कन्नड वाचू शकणारी मुलगी, नणंद किंवा स्वतः पती बरोबर जावा, कागद वाचून घ्यावा आणि न समजलेले पुन्हा विचारावे. विचारणाऱ्यास कोणी अडाणी समजत नाही. सर्व ऐकून बाईने 'हो' म्हटले तर ते घ्यावे, आणि 'नको' म्हटले तर घरच्यांनी त्यावर वाद घालू नये. शरीर तिचे आहे; तीन महिने ती सुई तिच्याच अंगात राहणार आहे.