मृत्युपत्र वाचताना एक्झिक्युटरचं कलम सोडू नका

अभिलेखागारात मृत्युपत्र हातात आलं की बहुतेक जण आधी कुणाला काय मिळालं ते बघतात. मी तुम्हाला सुचवेन, आधी एक्झिक्युटर कोण ते बघा. म्हणजे मृत्यूनंतर मालमत्ता ताब्यात घेणारा, देणी फेडणारा, वाटप करणारा माणूस. मराठी दस्तांत ‘व्यवस्थापक’ किंवा ‘निष्पादक’ म्हणतात तो.

आल्फ्रेड नोबेलचं उदाहरण घेऊ. २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये त्याने वकिलाशिवाय मृत्युपत्र केलं. पारितोषिकांचा मजकूर सगळ्यांना माहीत असतो. शेवटाकडे मात्र दोन एक्झिक्युटरची नावं आहेत: राग्नार सुलमन आणि रुडॉल्फ लिल्येक्विस्ट. दोघेही नातेवाईक नाहीत! आणि मेहनताना बघा: सुलमनला एक लाख क्रोनर, कारण ‘बहुधा त्यालाच जास्त वेळ द्यावा लागेल’; लिल्येक्विस्टला पन्नास हजार. म्हणजे नोबेलच्या लेखी हा मान नव्हता, काम होतं.

नात्यातला माणूस का नाही? संपत्ती विकून तिचा निधी करायचा होता. पुतण्या इमॅन्युएल बाकूतला तेलाचा धंदा सांभाळायचा, आणि काकांचे शेअर बाजारात गेले तर कंपनीवरची त्याची पकड सुटली असती. तो कितीही सज्जन असला (आणि होता, पुढे त्याने मृत्युपत्राच्या बाजूनेच कौल दिला), तरी त्याला एक्झिक्युटर करणं म्हणजे त्याला स्वतःशीच भांडायला लावणं.

पण निवडीत एक मोठी खोट होती. सुलमनला आपली नेमणूक कळली ती नोबेल गेल्यावर, डिसेंबर १८९६ मध्ये. वय २६, शिक्षणाने रसायन अभियंता, कायद्याचा अनुभव शून्य. ज्या संस्थांनी पारितोषिकं द्यायची, त्यांनाही कुणी विचारलेलं नव्हतं. नातेवाईक विरोधात, स्वीडनचा राजाही नाराज. सुलमनने वकील गाठला, पॅरिसमधले रोखे घोडागाडीतून, जवळ रिव्हॉल्व्हर ठेवून हलवले, वारसांशी तडजोड केली. फाउंडेशनचे नियम मंजूर व्हायला १९०० साल उजाडलं.

आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसारही नेमलेला माणूस नकार देऊ शकतो, आणि अज्ञान व्यक्तीला प्रोबेट मिळत नाही. त्यामुळे घरी कुणी मृत्युपत्र करत असेल तर त्या माणसाला आधी विचारलंय का, आणि पर्यायी नाव लिहिलंय का, एवढं जरूर बघा. थोरला मुलगा म्हणून आपोआप त्याचं नाव घालतात, ते मला पटत नाही.

आता संशोधनातली मेख. रिव्हॉल्व्हरची गोष्ट आपल्याला प्रामुख्याने सुलमनच्याच पुस्तकातून कळते, जे त्याच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये छापलं गेलं. मधल्या काळात तो नोबेल फाउंडेशनचा संचालकही होता. म्हणजे साक्षीदारही तोच, आणि कथेचा नायकही तोच. तुम्ही या विषयावर लिहायला घेतलंत तर ते पुस्तक एकटं वाचू नका. शेजारी न्यायालयीन कागद आणि नातेवाइकांचा पत्रव्यवहार ठेवा.